डावी बाही सापडली नाही

सोमवार, २ सप्टेंबर

ही डायरी गेल्या वर्षीची. ह्यांना ऑफिसात मिळाली होती, कोरीच पडून राहिली. छापलेले वार जुळत नाहीत, ते खोडून हाताने लिहिते आहे. एवढ्यासाठी नवी वही कोण विकत घेतं?

लिहायला बसले कारण काल मिस्सा संपल्यावर आमच्या फादरांनी वेदीपुढे उभं राहून सांगितलं की त्यांचा धर्मसंघ आता इथून जाणार. संघात तरुण माणसं येत नाहीत, आहेत ती म्हातारी झाली. चर्च बिशपांकडे जाईल, नवे फादर येतील, एकही मिस्सा चुकणार नाही. पण फादरांचं घर आणि शेजारचा हॉल संघाच्या नावावर आहेत. दोन्ही विकणार. हॉल म्हटल्याबरोबर मागच्या बाकावरून कुणीतरी मोठ्याने "अगंबाई!" म्हणालं. ती मीच.

हॉलमध्ये माझा शिवणवर्ग एकतीस वर्षं चालतो. थोरलीच्या लग्नाचं जेवण तिथेच झालं. आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज तीन वाजता तिथे जाऊन पंख्याखाली बसतात आणि शिवणाऱ्या बायकांच्या चुका काढतात. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. घरात बसल्या तर माझ्या चुका काढतील. मी माझ्या स्वार्थाचंही लिहून टाकते, उगाच संतपणाचा आव कशाला.

गुरुवार, ५ सप्टेंबर

संघाच्या मुख्य घरून एक फादर आलेत. जुने कागद लावण्याचंच काम करतात, त्याला दप्तर लावणं म्हणतात. काटकुळे, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. यादी करायला चांगल्या अक्षराचं माणूस हवं म्हणाले. आमच्या फादरांनी बोट माझ्याकडे केलं. "ही घ्या. मॅट्रिक आहे. घरचा जमाखर्च लिहिते, एक खाडाखोड दाखवा!"

चर्चच्या मागच्या खोलीवर माळा आहे, तिथून अकरा पेट्या उतरवल्या. धुळीने दोघेही शिंकत होतो. कागदांचे तीन ढीग करायचे. बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यूच्या नोंदवह्या चर्चच्या, त्या इथेच राहणार. संघाची पत्रं आणि फादरांच्या घराची रोजनिशी संघाची, ती मुख्य घरी जाणार.

"आणि हॉलचे कागद?" मी विचारलं.

"ते ना चर्चचे, ना संघाचे."

"मग?"

"रद्दी," म्हणाले. पण असं म्हणाले, जसं कुणाच्या घरी जाऊन वाईट बातमी सांगावी.

बुधवार, ११ सप्टेंबर

मला रोजनिशीची नक्कल करायला दिली आहे. हॉल बांधला तेव्हा संघात एक ब्रदर होते, ते रोज लिहीत. उंच, डावीकडे झुकलेलं अक्षर, प्रत्येक ओळीला वाऱ्याने ढकलल्यासारखं. पहिल्या दिवशी डोळे दुखले, आता सरावले. माझंही अक्षर हळूहळू झुकायला लागलंय. परवा दुधाचा हिशेब तसाच लिहिला गेला. हे म्हणाले, "ब्रदर कधीपासून दूध घालतात आपल्याकडे?"

आज एक ओळ सापडली. 'हॉलचे काम पुरे. कामावर आलेल्यांची हजेरीपत्रके बांधून ठेवली, मोठे कागद सेहेचाळीस. पहिल्या पानावर आपल्या मोठ्या फादरांनी लोकांना दिलेला शब्द लिहून घेतला.'

दप्तरवाले फादर खुर्चीवरून उठलेच. म्हणाले, "बाई, ही पत्रकं मिळाली तर हॉल विकण्याआधी संघाला विचार करावा लागेल. पंचवीस ऑक्टोबरला बैठक आहे. लेखी काही असेल तरच त्यांच्यापुढे ठेवता येईल."

अकरा पेट्या पुन्हा उपसल्या. नाहीत. फादरांचं काम फार संथ. एकेक कागद चिमटीत धरून उजेडाकडे नेतात. माझ्यासारखीने एका दिवसात तीन पेट्या उडवल्या असत्या.

मंगळवार, १७ सप्टेंबर



दुपारी शिवणवर्गात टाचणीने दारामागच्या खिळ्यावरून लहान मुलीच्या फ्रॉकचं पेपर कटिंग, म्हणजे कापड बेतायचा कागदी नमुना, काढलं. (टाचणी ही माझी मैत्रीण. अंगाने तशीच आहे, आणि टोचतेही.) तिने कापडावर कागद उलटा ठेवला. मी म्हटलं, "अगं, लिहिलेली बाजू खाली", आणि तिथेच थांबले. उंच, डावीकडे झुकलेलं अक्षर.

'गवंड्याची धाकटी सून, दगड, अकरा टोपल्या. पाववाली, वाळू, नऊ टोपल्या. लंगडा सुतार, अर्धा दिवस.' त्यापुढे कात्रीने बगलेची गोलाई घेतलेली.

एकतीस वर्षांपूर्वी आधीच्या फादरांनी माळा साफ करायला काढला होता. जाड, भलेमोठे कागद, एका बाजूने कोरे. मीच मागून घेतले. "फादर, उंदरांच्या तोंडी जाण्यापेक्षा आमच्या वर्गाला द्या." मागे काहीतरी लिहिलेलं आहे एवढं कायम माहीत होतं. काय लिहिलंय ते कधी वाचलं नाही. शिवताना कोण वाचतं? सगळ्यांचे फ्रॉक, शर्ट आणि वेदीसेवकांचे झगे कापून टाकले.

"काय गं, साप बघितलास का?" टाचणी म्हणाली.

"ऊन लागलं," म्हटलं. हॉलमध्ये बसून ऊन.

घरी आल्यावर आईंना सहज विचारावं तसं विचारलं, की हॉलच्या कामाला तुम्ही होतात का. गवंडी म्हणजे त्यांचेच सासरे.

"होते की. पोटुशी होते तरी दगड वाहिले."

"अकरा टोपल्या?"

"चौदा! त्या ब्रदरला मोजता येत नव्हतं."

शुक्रवार, २० सप्टेंबर

तीन दिवस कुणाला बोलले नाही. सकाळी दप्तरवाले फादर पाचव्यांदा तीच पेटी उघडत होते आणि मी समोर बसून पेन्सिलीला टोक करत होते. अख्खी पेन्सिल संपवली. अशी नासाडी माझ्या हातून कधी झाली नव्हती.

शेवटी आमच्या फादरांकडे प्रायश्चित्ताला बसले. जाळीपलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, डोळा लागला.

"पोरी, रागाने कापलेस का?"

"नाही हो फादर, काटकसरीने."

मग खोकला. तोंडावर रुमाल धरून खोकत होते बहुतेक, तब्येत बरी नसते हल्ली. "तीन नमो मरिये म्हण. आणि चार वाजायच्या आत त्या दप्तरवाल्यांना जाऊन सांग. चारला ते चहा घेतात, त्याआधी सांग म्हणजे चहा तरी गोड लागेल."

शनिवार, २१ सप्टेंबर

सांगितलं. ते चष्मा काढून पुसत राहिले. मी म्हटलं, "ओरडा तरी." तर विचारतात, "एका कागदातून तुम्ही काय काय काढायचात?"

"पुढचं, पाठ, दोन बाह्या, गळपट्टी. मधे उरायचं त्यात खिसे."

"आणि कातरण?"

"कातरण?" मला रागच आला. "माझ्या कागदाला कातरण पडत नाही फादर. तिरकं लावून कापते. बोटभर कपटा राहिला तर राहिला."

"म्हणजे तुकडे जुळवले तर पूर्ण पान उभं राहील?"

"माझ्या डोळ्यांपुढे आहे ना. पाठ डाव्या कडेला, बाही तिच्या गळ्यात पालथी."

ते एकदम हसले. पहिल्यांदाच. त्यांचा एक दात सोन्याचा आहे. मुख्य घरी जायचं तिकीट सोमवारचं होतं, ते पुढे ढकललं म्हणाले, रस्त्यावर पुलाचं काम चाललंय म्हणे. ह्यांना विचारलं तर म्हणतात, "कुठला पूल?" ह्यांना पेपर वाचायची सवयच नाही.

सोमवार, ३० सप्टेंबर

एकतीस वर्षांत कुणाकुणाला कटिंग उसनं दिलं ते आठवून यादी केली, तर पन्नास घरं निघाली. हे विजेचे मीटर वाचायला घरोघर जातातच. आता मीटर वाचून झाला की विचारतात, "आणि एक कागदी बाही आहे का?" एका घरी म्हातारी आत ओरडली, "अगं, वीजवाले आता बाह्यापण कापायला लागले!"

पिशव्या भरून येताहेत. कुणी बरणीखाली घातलेलं, कुणी देवाच्या तसबिरीमागे टेकू दिलेलं. झग्याची पाठ एकीने पोराच्या पतंगाला लावली होती, ती तेवढी वर गेलेली परत आली नाही. टाचणीने स्वतःच्या घरचे नऊ तुकडे आणून टेबलावर आदळले. "तरी मी म्हणत होते, वर्तमानपत्र वापरू." एकतीस वर्षांत एकदाही म्हणाली नव्हती.

हॉलमध्ये चार टेबलं जोडून मी तुकडे मांडते, दप्तरवाले फादर मागून पातळ कागदाची पट्टी लावतात. आई पंख्याखालून नावं ओळखतात. "न्हाव्याची मेहुणी? ती कामाला कुठे, ती डबा आणायची. लिहा, डबा." फादर खरंच वेगळ्या कागदावर लिहून घेतात. कशाला एवढं, मला कळत नाही.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

सेहेचाळीसपैकी एकेचाळीस पानं उभी राहिली. आणि आज पहिलं पान. बाप्तिस्म्याच्या फ्रॉकचं केलं होतं मी त्याचं. पुढचं, पाठ, गळपट्टी, उजवी बाही सगळं जुळलं. फादरांनी वाचलं, "संघाच्या वतीने मी शब्द देतो की ज्यांच्या श्रमांनी हा हॉल उभा राहिला..." आणि तिथे डाव्या बाहीच्या आकाराचं टेबल दिसतं. बाहीच्या खाली सही आणि तारीख.

गावभर तेवढीच एक बाही शोधतोय आता. संध्याकाळी सगळे जमले. चर्चमध्ये गाणी बसवणारे कॉयर मास्तर छातीवर हात ठेवून म्हणाले, पुढे 'त्यांचाच तो अबाधित राहील' असं होतं. टाचणी म्हणाली, 'चंद्रसूर्य असेपर्यंत' होतं. दोघेही तेव्हा जन्मले नव्हते. पण 'त्यांचाच राहील' यावर एकमत झालं. आई एवढंच म्हणाल्या, "पंखा वाढवा जरा."

फादर म्हणाले, शब्दाच्या जागी भोक असेल तर बैठकीत ते भोकच वाचतील.

गुरुवार, १० ऑक्टोबर

हे पान मी फाडूनही टाकेन कदाचित.

वर्गाच्या गठ्ठ्यात तळाशी त्याच जातीचे कोरे कागद आहेत. पेटीत निघालेल्या ब्रदरच्या दौतीत वाळलेली शाई होती, दोन थेंब पाण्याने ती सुटते हे मी नक्कल करताना बघितलंय. आणि हात तर माझा ब्रदरचाच झालाय. एक कागद घरी आणला. स्वयंपाक आवरून, आई हॉलकडे गेल्यावर, बाही कापली आणि लिहिलं: 'त्यांचाच तो राहील, त्यांच्या मुलाबाळांचा राहील.'

इतकं हुबेहूब आलं की मीच घाबरले.

खोटं काय आहे त्यात? सगळे तेच म्हणतात. मीच कापलं, मीच भरून देते. प्रभू येशूसमोर बसून हेच बोलून बघितलं. त्याच्यासमोर बोलताना वाक्य अर्ध्यातच राहिलं. बाही प्रार्थनेच्या पुस्तकात घातली आहे. उद्या नेणार. नेणार की नाही माहीत नाही.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

नेली. पुस्तक काखेत. फादर टेबलाशी एकटेच होते. मी काही बोलायच्या आत ते आपलं ज्ञान सांगायला लागले, नेहमीसारखं. "बाई, जुनी शाई कशी ओळखायची माहीत आहे? तिची कड तपकिरी होते, कागदात उतरते. नवी वर बसून राहते. मुख्य घरी आमच्याकडे भिंग आहे, पोरसुद्धा सांगेल." मी हो हो केलं. मग म्हणाले, कोरे कागद सात होते, सहाच आहेत. "उंदीर असतील," स्वतःच म्हणाले. बरं झालं, उंदरांवर गेलं.

"मी चहाला जातो. अर्धा तास लागेल. तोवर काही सापडलं तर टेबलावर ठेवा." आणि गेले. अडीच वाजता कोण चहाला जातं?

अर्धा तास मी त्या भोकापुढे बसले होते. एकेचाळीस पानं समोर. अकरा टोपल्या, नऊ टोपल्या, अर्धा दिवस. ब्रदरने कुणाला अर्ध्याचा पाऊण केलेला नाही. आईंच्या तीन टोपल्या मारल्या असतील, पण वाढवल्या नसत्या. आणि मी त्यांच्याच अक्षरात खोटं लिहून त्यांच्याच शेजारी ठेवणार.

फादर परतले, दार उघडं असून वाजवलं. "सापडलं काही?"

"नाही सापडली, फादर."

"बरं." आणि स्वतःच्या हाताने मला खुर्ची दिली. त्यांचा चेहरा असा झाला होता, जसा सापडल्यावर व्हायला हवा. थकलेत बिचारे.

घरी येऊन ती बाही गॅसवर धरली.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

फादर गेले. यादीची शेवटची ओळ दप्तरवाल्या फादरांनी मला लिहायला लावली. 'पत्रक पहिले, डावी बाही सापडली नाही.' मी म्हटलं, कुणी कापली तेही लिहू का. म्हणाले, "लिहा. आणि कुणी जुळवलं तेही." दोन्हीकडे माझंच नाव. बस सुटेपर्यंत खिडकीतून हात हलवत होते. पूल तर कधीचा झालेला असणार.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

बैठक झाली. पत्र आलं. शब्द अपुरा असल्यामुळे निर्णय झाला नाही. पण संघाचे आताचे मोठे फादर, म्हणजे प्रमुख, स्वतः येऊन कामावर असलेल्यांपैकी जी माणसं हयात आहेत त्यांचं ऐकणार. अशी चार माणसं आहेत. कॉयर मास्तर चौघांकडून पाठ करून घेताहेत.

शनिवार, ९ नोव्हेंबर

हॉल गच्च भरला होता. मोठे फादर तरुण निघाले, माझ्या थोरल्या जावयाएवढे. पहिले तिघे उभे राहिले आणि तिघांनी एकाच चालीत 'त्यांचाच तो अबाधित राहील' म्हटलं. एक तर मधे अडखळला तेव्हा मास्तरांनी ओठ हलवून सुधारलं. मोठ्या फादरांनी सगळं पाहिलं. मी मान खाली घातली.

मग आई.

"आजी, तुम्हाला शब्द काय दिला होता?"

"मला कुणी शब्दबिब्द दिला नाही बाबा." टाचणीने माझ्या दंडाला चिमटा काढला. "शब्द दिला तेव्हा मी बाळंतीण होते, घरी. सासऱ्यांनी चल म्हटलं म्हणून कामाला आले, डोक्यावर टोपली होती, कुठे कोण काय बोलतंय बघत नव्हते."

"मग तुम्हाला काय आठवतं?"

"मागच्या भिंतीचा खालून तिसरा थर वाकडा आहे."

"म्हणजे?"

"सासरे जेवायला गेले होते. मी आणि पाववाली बसून कंटाळलो. म्हटलं, एक थर आपण लावू. ह्या हाताएवढा फुगलाय मधेच. सासरे आले, दोघींच्या नावाने शिमगा केला, पण सुकला होता तोवर. मग वरचा सरळ घेतला. जा बघून ये. झुडूप वाढलंय, साप बघून जा."

मोठे फादर उठले. आईंना हात दिला. सगळा हॉल मागे. ह्यांनी झुडूप बाजूला केलं. भिंतीला गिलावा नाहीच, नुसता दगड. खालून तिसरा थर, मधे फुगीर, दोन दगड तर चक्क उभे. मी या भिंतीला पाठ लावून एकतीस वर्षं शिवत होते, मागे जाऊन कधी पाहिलं नव्हतं.

मोठ्या फादरांनी वाकून दगडांवर हात ठेवला. बराच वेळ. मग आईंना म्हणाले, "आजी, फार वाईट काम केलंत."

"पडली का साठ वर्षांत?" आई म्हणाल्या.

बुधवार, २० नोव्हेंबर

हॉल राहिला! फादरांचं घर विकणार, ते ठरलंच. हॉल मात्र चर्चच्या लोकांकडे लेखी दिला. पत्रात असं आहे की दिलेला शब्द काय होता ते संघाला आता कळणार नाही, पण भिंत कुणाची ते कळलं. पत्रं मी साध्या आवाजात वाचते, आज जमलं नाही. टाचणीने हिसकावून पुढचं वाचलं, तिलाही जमलं नाही, शेवटी कॉयर मास्तरांनी गाऊनच दाखवलं.

आमचे फादर रविवारी जाणार. एक पेटी, एक छत्री, एवढंच सामान. मी त्यांचे दोन शर्ट उसवून नव्याने शिवून दिले. कॉलर उलटवली, अजून पाच वर्षं जातील.

रविवार, २४ नोव्हेंबर

फादर गेले. सगळ्यांनी रडून घेतलं, मग सगळे हॉलमध्ये आले आणि लक्षात आलं की तिथे केर आहे. आजवर झाडायचं काम फादरांच्या घरचा माणूस करायचा. तोही गेला.

"आता आपलं झालं ना," टाचणी म्हणाली, "मग झाडायचं कोणी?" एकदम सगळ्यांना घरची कामं आठवली.

मी वही घेतली आणि पाळ्या लावायला बसले. सवयीने लिहिलं, 'मीटरवाल्यांची बायको'. म्हणजे मी. पेन थांबलं. त्या एकेचाळीस पानांत एकाही बाईला तिचं नाव नाही. सून, मेहुणी, वाली. खोडलं. खाडाखोड झाली, होऊ दे. माझं नाव लिहिलं. मग एकेकीला विचारत गेले, तुझं नाव सांग, नवऱ्याचं नको. टाचणीचं खरं नाव ऐकून सगळ्या हसल्या, तीही हसली.

आई पंख्याखालून म्हणाल्या, "मला नाही विचारलंस?"

"आई, तुम्हाला झाडू धरवतो का?"

"विचारलं तर पाहिजे."

विचारलं. त्यांनी सांगितलं, थोडं लाजून, जसं पाहुण्यांसमोर सांगावं. इतकी वर्षं एका घरात राहतेय, हे नाव मी दोनदाच ऐकलं असेन. सोमवारच्या रकान्यात सगळ्यात वर लिहिलं. त्यांनी वही मागून घेतली, डोळ्यांजवळ नेली, आणि म्हणाल्या, "अक्षर तिरकं येतंय तुझं."

उद्या सोमवार. त्यांच्याबरोबर मीही लवकर जाणार. झाडू मी मारेन, चुका त्या काढतील.